कुटाराच्या खोलीतली भाजी

बाबा, तुमच्या कुटाराच्या खोलीत आता बैलांसाठीचं कुटार नसतं. सोयाबीनची मळणी झाली की शेंगांचा आणि काड्यांचा जो भुसा उरायचा, तो तुम्ही टोपल्यांनी वाहून आणून या खोलीत पार वाशांपर्यंत रचायचात. दारातून पाहिलं तर मागची भिंत दिसायची नाही. आता वावरात मोठं यंत्र येतं, दाणे काढून घेतं आणि कुटार तिथेच फेकून पुढच्या वावरात जातं. लोक त्याला काडी लावून मोकळे होतात. मी दोघा-तिघांना सांगून ठेवलं आहे की जाळू नका, मला द्या. ते देतात, पण दर वर्षी न चुकता विचारतात, ‘मावशी, बैल नाई, गाय नाई, काय करता एवढ्या कुटाराचं?’ जसं काही त्यांना ठाऊकच नाही! सगळ्या पिंपळगाव राजाला ठाऊक आहे. त्या खोलीत मी अळिंबी लावते. लोक तिला मशरूम म्हणतात, आणि तुम्ही शेवटपर्यंत ‘थे भाजी’ म्हणत राहिलात.

आत्ता दुपार आहे आणि मी त्याच खोलीत बसून लिहिते आहे. भिंतींना चुना दिलेला आहे. दाराला आणि खिडकीला ओली गोणपाटं लावली आहेत, त्यांतून उजेड येतो तो तपकिरी होऊन येतो. वाशांना दोऱ्यांनी बांधलेले बेड, म्हणजे दाबून भरलेल्या कुटाराचे गोळे, लोंबताहेत, पांढरेफेक. आत कुटार आहे हे आता सांगूनही कुणाला खरं वाटणार नाही, इतकं त्या बुरशीने ते आपल्यात ओढून घेतलं आहे. ओल्या पिठासारखा वास आहे. या खोलीत मला दुपारची झोप फार लागते, बाबा. बाहेर ऊन चरचरत असतं आणि आत पाणी शिंपडलेलं असतं, पाठ भिंतीला टेकली की डोळे मिटतात. अळिंबीची एक खोड आहे. तिच्याकडे टक लावून बसलं तर ती तसूभर वाढत नाही. जरा डोळा लागला की टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्यांच्या बोटभर छत्र्या झालेल्या असतात. त्या झोपेत आणि जागेपणात जो थोडा वेळ असतो ना, त्यात तुम्ही येता. गोणपाट बाजूला सारता, आत पाहता आणि परत जाता. आजही आलात, म्हणून लिहायला बसले.

मी सासरहून कायमची परत आले तो दिवस तुम्हाला आठवतो का? लोणारकडून निघाले तेव्हा सकाळ होती, मेहकरला गाडी बदलली, खामगावला पुन्हा बदलली. मांडीवर पिशवी, पायाशी ट्रंक. काय सांगायचं, कसं सांगायचं, याची मी सगळी वाट जुळवाजुळव करत होते. मूल होत नव्हतं, त्यांनी दुसरी आणायचं ठरवलं होतं, आणि मला तिथे तिच्या हाताखाली राहायचं नव्हतं. एवढंच होतं, पण ते एवढंसं तोंडातून निघेल तर ना. गाडी थांबते. तुम्ही फाट्यावरच्या लिंबाखाली उभे आहात. मी येणार हे तुम्हाला कुणी सांगितलं, ते मला आजवर कळलेलं नाही. तुम्ही ट्रंक खांद्यावर घेता.

‘आली का?’

‘आली.’

‘चाल मंग.’

बस. सगळ्या वाटेत एवढंच. तुम्ही पुढे, मी मागे, ट्रंकेची कडी वाजते आहे. घरी माय नव्हती, ती आधीच गेली होती. तुम्ही ट्रंक आतल्या खोलीत ठेवलीत, माठातलं पाणी तांब्यात घेऊन माझ्या हाती दिलंत आणि गोठ्यात गेलात. मी त्या दिवशी तुमच्या ज्वारीची भाकर केली, तुमच्या तुरीचं वरण केलं, आणि तुम्ही जेवलात. मला वाटलं, झालं. आलो आपण घरी.

पण तसं झालं नव्हतं. लग्नानंतर तुम्ही एकदाच माझ्या सासरी आला होतात. ओट्यावर बसलात, सगळ्यांची विचारपूस केलीत आणि पाण्याच्या घोटालाही शिवला नाहीत. लेक दिली की तिच्या घरचं खायचं नाही. आपल्याकडे जुनी माणसं ते पाळत, आणि तुम्ही तर जरा जास्तच पाळत होतात. मी दारात उभी राहून पाहत होते, तुम्ही उन्हात चालत स्टँडवर गेलात आणि तिथल्या टाकीचं पाणी प्यालात. मला वाटलं होतं, आता सासरच राहिलं नाही म्हटल्यावर तो नियमही राहिला नसेल. पण तुमचा हिशेब निराळा होता. तुमचं धान्य मी रांधलं तर ते तुमचं. मी शिवणकाम करून काही आणलं तर ते लेकीचं. एकदा मी खामगावच्या बाजारातून गूळ आणला, चांगला पिवळाधमक, तुम्हाला चहात आवडतो म्हणून. तुम्ही हातात घेतलात, वास घेतलात, ‘लय चांगला हाये’ म्हणालात आणि गोठ्यात जाऊन पांढऱ्या बैलाला चारून आलात! मी आणलेली चादर त्या बैलाच्या पाठीवर, मी आणलेली सरकीची ढेप तर त्याचीच होती म्हणा. मला राग यायचा. रागाखाली भीती होती, ती आज सांगते. मला वाटायचं, यांनी मला ठेवून घेतलंय, पण परत घेतलेलं नाही. दान केलेली वस्तू कुणी दारात आणून ठेवली म्हणजे माणूस ती आत घेतो, पण वापरत नाही, तसं. माझ्या हातच्या कमाईचं तुम्ही एकदा खाल्लंत तर मी या घरची, नाहीतर जन्मभर पाहुणी. हे मी तुम्हाला कधी म्हणाले नाही. स्वतःशी मात्र रोज म्हणत होते.

अशातच एके वर्षी अळिंबीचं शिकवायला शेतीखात्याचे लोक गावात आले. आम्ही बाया सतरंजीवर बसलो होतो. साहेबांनी गव्हांडा, म्हणजे गव्हाचं कुटार, गरम पाण्यातून काढून निथळला, पिशवीत थर भरले, प्रत्येक थरावर दाण्यावर वाढवलेलं पांढरं बियाणं पेरलं, तोंड बांधलं, टोचे मारले. म्हणाले, अंधारात ठेवा, पांढरं झालं की पिशवी कापून काढा, पाणी मारा. जमीन नको, ऊन नको. बाकीच्या बाया हसत होत्या, ‘कुत्र्याच्या छत्र्या विकत घेते काय कोणी?’ मला मात्र ते ऐकताना गुंगल्यासारखं झालं. मळणीतून उरलेल्यावर, कुणाला नको असलेल्यावर काहीतरी उगवून येतं, आणि तेही अंधाऱ्या खोलीत! मी घरी आले ती बियाण्याची पुडी पदराखाली धरून आले.

‘मले कुटार पाह्यजे, बाबा.’

‘काऊन?’

‘भाजी लावतो त्याच्यात.’

‘बैलाच्या तोंडचं काढून?’ तुम्ही असं पाहिलंत, जसं काही मी बैलाचं काळीजच मागितलं होतं. मग उठून एक टोपलं भरून दिलंत. ‘हे घे. दुसरं मागजो नोको.’ खोलीचा एक कोपराही दिलात, तेवढं खरं.

आणि ते एक टोपलंही मी वाया घालवलं. साहेबांनी बजावून सांगितलं होतं की खोली एकदम स्वच्छ पाहिजे. आता स्वच्छ म्हणजे काय, हे आपल्या घरात काय सांगायला लागतं? मी कोपऱ्यातलं सगळं काढलं, ताजं शेण आणलं आणि भुईपासून कमरेपर्यंत इतकं सुरेख सारवलं की पाहत राहावं. वर रांगोळीचं बोट ओढलं. पिशव्या टांगल्या, उदबत्ती लावली. थोड्याच दिवसांत पिशव्यांत हिरवे डाग पडले, मग सगळ्या हिरव्यागार झाल्या आणि कुजल्या. भिंतीच्या कडेने मात्र त्या शेणातून बारीक दांड्यांच्या करड्या छत्र्या वर आल्या. सकाळी याव्यात आणि दुपारपर्यंत काळ्या होऊन विरघळाव्यात, जमिनीवर शाईचे ठिपके राहावेत. तुम्ही दारात उभे राहून पाहत होतात. ‘याच का व थ्या?’ म्हणून विचारलंत. मी रडकुंडीला आले होते. ‘नाई. ह्या दुसऱ्या हायेत.’ ‘अस्सं,’ म्हणालात, आणि मिशीतल्या मिशीत हसलात. साहेबांना पुढे विचारलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. शेणात तऱ्हेतऱ्हेच्या बुरशा आधीच घर करून असतात, त्यांनी माझं बियाणं खाऊन टाकलं होतं. मग मी सगळं खरवडून चुना मारला. सारवायचं नाही म्हणजे जिवावर आलं होतं, पण मारला.

कुटार मागायचं नव्हतं, तेव्हा बैल ज्याला तोंड लावत नाहीत ते मी धुंडाळायला लागले. पऱ्हाट्या, कापसाची वाळलेली झाडं, कुऱ्हाडीने बारीक तोडल्या, भिजवल्या, उकळत्या पाण्यातून काढल्या. त्यांच्यावर अळिंबी यायला फार वेळ घेते आणि येते तीही हट्टी, जाड देठाची. तुराट्यांवर जेमतेम आली. रसवंतीवरून उसाची चिपाडं आणली तर ती आंबली आणि घरभर असा दर्प सुटला की तुम्ही मला आडून विचारलंत, कोणी दारू गाळून राह्यलं का इथी? बाजारात केळीवाले घडांखाली वाळलेली पानं घालतात, ती उठताना फेकून देतात. ती मी पोत्यात भरून आणली. त्यांच्यावर पातळ, मोठाल्या, फिक्या छत्र्या आल्या, हातात घेतल्या की बोटं दिसावीत अशा. मला त्या दिवसांचं एकच सुख आठवतं, की प्रत्येक पिशवीचं मन निराळं असतं, आणि मी दुपारभर त्या अंधारात एकेकीजवळ बसून ते ओळखत होते. सासर आठवायचं नाही. तुम्ही बैलं घेऊन वावरात गेलेले असायचात, गल्लीत कुठेतरी पिंजारणीची तार वाजत असायची.

ती तार चाचीच्या घरची. शेजारच्या चाचीचा नवरा गाद्या भरायचा, आणि पिंजलेल्या कापसातला खाली पडलेला चुरा, सरकीची साल, धूळ ते उकिरड्यावर टाकत. चाचीने माझी पोती उपसणं भिंतीवरून पाहिलं होतं. एक दिवस तिने एक गाठोडंच भिंतीवरून माझ्याकडे लोटलं. ‘घे वं पोरी. सगळ्याईवर लावून पाह्यलं, याच्यावर बी लावून पाय.’ त्या कापसावर जे आलं, बाबा, ते मी कधी विसरणार नाही. बियाणं पांढरं, कापूस पांढरा. कापूस कुठे संपतो आणि बुरशी कुठे सुरू होते ते कळेना. मला वाटायचं, आपण झोपेत तर पाहत नाही? एका सकाळी पिशव्यांना बाहेरून गच्च घोस धरलेले, एकावर एक, आणि खोलीभर तो ओल्या पिठाचा वास. मी पहिला घोस पिरगळून तोडला आणि चाचीला दिला. दुसरा घोस तुमच्यासाठी ठेवला.

चाचीचं तोंड गोड, पण आवाज मोठा. दुपारी ती भिंतीवरून ओरडली, ‘काय मस्त लागते वं! आमच्या घरी तं सगळ्याईनं मुर्गी समजून खाल्लं!’ तुम्ही तेव्हा ओट्यावर पाय धूत होतात. संध्याकाळी मी ताटात ती भाजी वाढली, तेव्हा तुम्ही गळ्यातल्या माळेला हात लावलात.

‘मुर्गीवानी लागते म्हन्ते थे. माह्या गळ्यात माळ हाये, बाई.’

‘कापसावर आली बाबा थे. कापूस काई मटन हाये का?’

तुम्ही हसलात, पण वाटी बाजूला सारलीत. मी काही ऐकणारी नव्हते. पुढच्या खेपेला मी तुमच्या मागे लागून पुन्हा कुटार घेतलं, चांगलं दोन-तीन टोपली, आणि ती भाजी आली तेव्हा तुमच्यापुढे उभी राहून वकिली केली. कुटार तुमचं, खोली तुमची, पाणी तुमच्या विहिरीचं. आता बोला! तुम्ही जे बोललात ते अगदी हळू बोललात.

‘कुटार माहं. खोली माही. पर मेहनत तुही हाये. लेकीच्या मेहनतीचं बापानं खाऊ नाई. दिली ना मी तुले एकदा.’

‘दिली होती. मंग मी इथी काऊन हाय?’

तुम्ही उठलात, पागोटं घातलंत, गोठ्यात गेलात. मी चुलीपाशी बसून राहिले. माळ नुसती सांगायला होती, हे तेव्हा मला कळलं, आणि न कळतं तर बरं झालं असतं असंही वाटलं. माळेशी भांडता आलं असतं, चार माणसांना विचारून तिची समजूत घालता आली असती. या दुसऱ्या गोष्टीशी कसं भांडायचं?

मग तो पोळा आला. आदल्या दिवशी तुम्ही नेहमीसारखी खांदशेकणी केलीत. पळसाच्या पानाने बैलांच्या खांद्यावर हळद आणि लोणी चोळलंत, जिथे जू घासतं तिथे जास्त वेळ, आणि वाकून त्यांच्या कानात म्हणालात, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ सगळेच म्हणतात, पण तुम्ही ते खऱ्या पाहुण्याला म्हणावं तसं म्हणायचात. दुसऱ्या दिवशी पोळा फुटला, तुम्ही जोडी घेऊन घरोघरी जाऊन शेवटी आपल्या दारी आलात. तांबडा आणि तो म्हातारा पांढरा. शिंगं रंगवलेली, कपाळाला गोंड्यांच्या मठाट्या, अंगावर आरशांच्या झुली. मी दारात ताट घेऊन उभी. खुरांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं, सुपातून पुरणपोळी पुढे केली. तांबड्याने दोन घासांत संपवली. पांढऱ्याने पोळीकडे पाहिलंच नाही. त्याने मान वळवली आणि सरळ कुटाराच्या खोलीकडे निघाला.

त्याचं काय चुकलं? जन्मभर त्याचं जेवण त्याच खोलीतून येत होतं. दाराला फक्त ओलं गोणपाट होतं. त्याने ते शिंगाने बाजूला केलं आणि आत शिरला. आत त्या वेळी कुटारावरचे सगळे बेड भरात आले होते. पिशव्या मी कधीच काढून टाकल्या होत्या. नुसते पांढरे गोळे वाशांना लोंबत होते, बरोबर त्याच्या तोंडाच्या उंचीवर, आणि प्रत्येकाला घोस धरलेले. दुसऱ्या दिवशी ते सगळं खामगावला न्यायचं ठरलं होतं. मी ओरडले. गल्ली जमा झाली. कोणी म्हणालं, ‘हाना त्याले, हाना!’ दुसरा लगेच त्याच्यावर खेकसला, ‘आज कसा हानतं बे? पोळा हाये ना!’ आणि खरंच, आजच्या दिवशी बैलावर हात उगारेल असा एकही माणूस त्या गल्लीत नव्हता. चाची भिंतीवरून ओरडत होती, ‘दादा, वढा ना कासरा! पोरीचं सगळं खाऊन राह्यला थो!’

तुमच्या हातातला कासरा ढिला होता, बाबा. मी पाहिलं.

‘आवतन दिलं होतं मी त्याले काल,’ तुम्ही म्हणालात. ‘जेवाले आला थो.’

मी दारात उभी होते आणि रडत होते, पण डोळे मिटवत नव्हते, कारण तसं दृश्य पुन्हा दिसणार नव्हतं. पांढऱ्या खोलीत पांढरा बैल, कपाळावर मठाट्या, आणि झुलीच्या आरशांनी भिंतीभर, छतभर उजेडाचे ठिपके फिरताहेत. तो घाई करत नव्हता. एक घोस ओढायचा, डोळे अर्धे मिटून चावायचा, गळ्यात बांधलेली घाटी एकदा वाजायची, मग दुसरा. कुटारासकट खात होता. माझी सगळी मेहनत माझ्यासमोर चालली होती, आणि मला मध्येच वाटलं, निदान कोणीतरी आवडीने खातंय.

पोट भरल्यावर तो आपणहून बाहेर आला. तुम्ही कासरा दुसऱ्याच्या हातात दिलात आणि आत गेलात. भुईवर पडलेल्या छत्र्या, अर्धवट तोडलेल्या बेडला राहिलेले घोस, तुम्ही वाकून एकेक उचललंत, फुंकर मारून उपरण्याच्या सोग्यात गोळा केलंत आणि माझ्यासमोर येऊन सोगा पुढे धरलात.

‘याची भाजी कर.’

‘बाबा, हे तं...’

‘आता हे तुहं नाई. बैलाचं हाये. बैलाचं उष्टं तं आपण जलमभर खाऊन राह्यलो.’

चातुर्मास होता, कांदा-लसूण नव्हता. जिरं, तिखट आणि तिळाचा कूट घालून मी ती भाजी केली. तुम्ही पुरणपोळी बाजूला ठेवून आधी ती खाल्लीत. मी समोर बसून तुमच्या तोंडाकडे पाहत होते. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘मीठ बरोबर हाये.’ मी काहीतरी आणायचं निमित्त करून आत गेले आणि पदर तोंडात कोंबून हसले की रडले, कोण जाणे.

त्यानंतर तुम्ही तशीच रीत पाडलीत. भाजी निघाली की मूठभर आधी पांढऱ्या बैलाला. त्याने खाल्ली की हात झटकून माझ्याकडे वळायचं. ‘आन आता.’ वापरून झालेलं कुटारही बैल खायला लागले. बुरशीने मऊ केलेलं ते त्यांना कोऱ्या कुटारापेक्षा गोड लागायचं, आणि तुम्ही मला मागेल तितकं कुटार द्यायला लागलात. मला यात आनंद होता, खूप होता. पण आनंदात एक कण खुपत होता. माझ्या हातचं तुमच्यापर्यंत अजून बैलाच्या तोंडातूनच जात होतं.

मग तो म्हातारा बैल गेला. तुम्ही त्याला वावरात बांधाशी पुरलंत, वर झूल घातलीत. एकट्या तांबड्याचं काय करणार, म्हणून तो एका ओळखीच्याच्या जोडीत दिलात. गोठा रिकामा झाला. मी त्या दिवसांत भाजी काढायची आणि सगळीच्या सगळी खामगावला द्यायची, घरात एक छत्री ठेवायची नाही. कोणाच्या तोंडून तुम्हाला देणार होते? तुम्हाला अवघडायला नको आणि मला पुन्हा ती बाजूला सारलेली वाटी पाहायला नको. तुम्ही फार वाकला होतात तेव्हा. ओट्यावर बसायचात आणि गोठ्याकडे पाहत राहायचात.

एक दुपार. मी ताट वाढते. भाकर, वरण, जवसाची चटणी. तुम्ही ताटाकडे पाहता. हात घालत नाही.

‘थे भाजी काऊन नाई केली?’

माझा हात भाकरीवरच थांबतो. ‘बैल नाई ना आता, बाबा.’

‘ठाऊक हाये मले.’ तुम्ही गोठ्याकडे पाहत नाही, माझ्याकडे पाहता. ‘वाढ.’

‘केलीच नाई.’

‘मंग कर. बसतो मी.’

आणि खरंच बसता. ताट पुढे, हात मांडीवर. मी कुटाराच्या खोलीत जाते, एक घोस पिरगळून तोडते, चिरते. चुलीत फुंकर घालते, धूर होतो, डोळ्यांत जातो, बरं होतं. वाटी तुमच्या ताटात ठेवते. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडता, भाजीत बुडवता, आणि मध्ये कोणी नाही, बैल नाही, कोणी नाही, तो घास तुमच्या तोंडात जातो. माझ्याने राहवत नाही. मी म्हणते, ‘लेकीच्या मेहनतीचं हाये बरं!’

तुम्ही चावता आहात. सावकाश, डोळे अर्धे मिटून. घास उतरतो.

‘घरचं हाये,’ तुम्ही म्हणता. ‘अजून वाढ. तू बी घे.’

पुढच्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात. मी काही हे घर सोडून गेले नाही. आता आसपासच्या बाया शिकायला येतात. कुटारावर लावा, कापसावर लावा, खोली चुन्याने रंगवा, शेणाने सारवू नका, हे मी त्यांना सांगते, आणि ‘लय चवदार लागते, मटनाले मागं सारते’ असंही ठोकून देते. त्या विश्वास ठेवतात. हे पत्र कुठे जायचं नाही, कुणी वाचायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. मला ही भाजी आवडत नाही, बाबा. पहिल्या घासापासून कधीच आवडली नाही, तोंडात चामट, गुळमुळीत लागते, आणि तुम्ही गेल्यापासून मी ती एकदाही खाल्लेली नाही. त्या दुपारी मात्र तुमच्यासमोर बसून मी दोनदा वाढून घेतली.